पोटफोड्या ष

१

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज धाकट्याच्या बोटांचा असायचा. कॉम्प्युटरसमोर बसला की आधी सगळी बोटं कडाकडा मोडणार, मग चहाचा घोट घेणार, मग काम.

"कुणाच्या नावानं बोटं मोडतोयस रे?" मी बाहेरच्या खोलीतून ओरडायची.

"तुझ्याच," तो आतून म्हणायचा.

धाकटा म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी अक्षरं काढायची आणि त्यानं ती कॉम्प्युटरला शिकवायची, असा आमचा धंदा. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी माझं टेबल, आतल्या खोलीत त्याचं, मधलं दार कायम उघडं. मी 'क' काढून पाठवला की तो फॉन्टच्या फाइलमध्ये बसवणार, टाइप करणार आणि मोठ्यानं वाचणार. तेही पहिलीतल्या पोरासारखं, एकेक अक्षर सुटं करून. जोडून वाचलं की डोळा चुका पोटात घालतो, असं त्याचं म्हणणं. आई-बाबा गेल्यावर त्याला मीच वाढवला. त्याचं लग्न झालं नव्हतं, माझं झालं आणि मोडलं, त्यामुळे एकमेकांच्या डोक्यावर मिरे वाटायला आम्ही दोघंच उरलो होतो. त्याच्यावर माझा जीव आहे. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथं सरळ लिहून टाकते.

त्या वर्षी आम्हाला एका कपड्यांच्या कंपनीचं काम मिळालं होतं. मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. त्यांना आपल्या दुकानांसाठी आणि जाहिरातींसाठी स्वतःचा फॉन्ट हवा होता, आणि तो 'झालर'सारखा हवा होता. 'झालर' हे बायकांच्या कपड्यांचं जुनं मासिक. बंद पडून जमाना झाला. त्याचे मथळे छापखान्याच्या खिळ्यांनी जुळवलेले नसत, एकच अक्षरकार ते ब्रशनं काढायचा. त्याचं नाव कुठंही छापलेलं नव्हतं. मॅडमनी जुन्या अंकांची एक ट्रंकच माझ्याकडे पाठवून दिली.

ती अक्षरं पाहून मला माझ्या इतक्या वर्षांच्या अक्षरांची लाज वाटली. बारीक कंबर, उंच मान, सगळा भार एका पायावर. मासिकातल्या फोटोत बायका उभ्या असत तशीच ती उभी होती. 'ल' कमरेवर हात ठेवून, 'ग' मान जराशी वळवून. मी एकेक अक्षर वेचून काढत होते, आणि भाऊ आतून वाचत होता, "ग… ळा. बा… ही. ताई, ही बाही बघून मला प्रेमात पडावंसं वाटतंय."

"पड. पण आधी वेलांटीची उंची बघ."

मग मी 'श' शोधायला घेतला. फॅशनच्या मासिकात 'श' शोधावा लागेल असं कुणाला वाटेल? ट्रंक उपसली. 'नवा ढंग', 'यंदाचे रंग', 'कोट कसा निवडाल', 'मोजे आणि माणसं'. अंकांमागून अंक चाळले, पण हातानं काढलेल्या मथळ्यात 'फॅशन' हा शब्द एकदाही नव्हता. 'रेशीम' नव्हता, 'शिलाई' नव्हती, 'पोशाख' नव्हता. आतल्या बारीक मजकुरात हे सगळे शब्द होते, मथळ्यात तेवढे नव्हते. 'ष'सुद्धा नव्हता. आणि पाय मोडलेलं अक्षरही कुठं दिसलं नाही. त्याचं मी काही मनावर घेतलं नाही, जुने लोक जोडाक्षरं एकाखाली एक रचत, त्यांना अक्षराचे पाय मोडायची गरज पडत नसे. पण 'श'चं काय?

मी हे आत जाऊन सांगितलं. भावानं खुर्ची गर्रकन फिरवली.

"म्हणजे बघ हं. शाळेतला शेंडीफोड्या श नाही, पोटफोड्या ष नाही, पाय मोडका नाही. अहिंसक मासिक दिसतंय."

आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मी म्हटलं, नाही तर नाही, ही तीन मी माझ्या मनानं काढीन. त्यांच्याच घरातली वाटतील अशी काढीन.

२

पाय मोडायला असं लागतं काय? अक्षराच्या टाचेखाली एक तिरकी रेघ. पण या अक्षरांचा सगळा भार त्या एका पायावर होता, म्हणून रेघ साधी चालेना. शेवटी मी 'ड' घेतला आणि त्याची टाचच जराशी दुमडली, भार पेलवेना म्हणून वाकल्यासारखी. रेघ ओढताना आतून करकर ऐकू आली.

"धाकट्या, त्या खुर्चीला तेल घाल!"

"मी हललोसुद्धा नाहीये," तो म्हणाला.

मी अक्षर पाठवलं. ऊन टेबलावर आलं होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आतून त्याचं खुदखुदणं ऐकू आलं. पाय मोडका 'ड' तपासायला त्यानं कोणता शब्द निवडला असेल ते माझ्या लगेच लक्षात आलं. अशा बाबतीत तो अजून दुसरीतच होता.

"च…" त्यानं वाचलं. "ड्…"

ओलं लाकूड गुडघ्यावर धरून मोडावं तसा आवाज झाला. मग तो अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ताई, जरा येतेस का?"

तो खुर्चीतच बसला होता. खुर्ची पडलेली नव्हती, टेबल सरकलेलं नव्हतं, चहाचा कप जागच्या जागी होता. त्याचा उजवा पाय मात्र गुडघ्याच्या खाली, जिथं माणसाला सांधा नसतो तिथं, बाहेरच्या बाजूला वळला होता. पाऊल भलत्याच दिशेला बघत होतं. पायजम्याच्या आतून काहीतरी टोकदार कापड उचलत होतं, आणि त्या टोकाभोवती लाल डाग पसरत चालला होता. तो त्याकडे दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा बघत होता. मग त्याला दुखायला लागलं. माझ्या भावाला मी तसं ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दोनदा उजेडासमोर धरून पाहिला.

"कुठून पडलात?"

"पडलो नाही. बसलो होतो."

"बसल्या बसल्या नडगीचं हाड असं मोडत नाही. यावर कुणीतरी जोर लावलाय." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरात कोण कोण असतं?"

मी तडकलेच. म्हटलं, "मी असते. आणि भावाचा पाय मोडायचाच असता तर लहानपणीच मोडला असता, तेव्हा तो जास्त छळायचा." डॉक्टर हसले नाहीत. हाडं ठिसूळ असतील, तपासण्या करू, असं म्हणून गेले. हाडं ठिसूळ असतील हे मी घट्ट धरून ठेवलं. तपासण्यांत काहीच निघालं नाही, तरी सोडलं नाही.

प्लॅस्टरमध्ये पडल्या पडल्या भावानं लॅपटॉप उघडून नर्सला तो शब्द दाखवला. ती वाचून तोंडाला पदर लावून हसली. वॉर्डबॉयनंही वाचला. कुणाला काही झालं नाही.

३

भाऊ घरी आला, पण पाय लोंबता ठेवून बसायची त्याला मनाई होती. म्हणून 'श' काढून झाल्यावर मी तो स्वतःच कसाबसा फाइलमध्ये घातला आणि खालच्या प्रिंटवाल्या काकांकडे घेऊन गेले. काकांचं दुकान आमच्याच इमारतीत आहे. मशीनची घरघर, शाईचा वास आणि पेपर कटरशेजारी त्यांचं चिवड्यासारखं विस्कटलेलं टेबल. 'फॅशन' हा एकच शब्द, मोठ्या कागदावर, काळ्या रंगात, एवढंच काढायचं होतं.

"अरे वा," काका कागद मशीनमधून बाहेर येताना बघत म्हणाले. "आज काय, बारसं कुणाचं?"

"श चं."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसेना. कागदाच्या वर फक्त पांढरे केस दिसत होते. "फॅ," ते म्हणाले, "श…"

टरबुजावर सुरी ठेवून दाबली की पहिल्यांदा होतो, तेवढाच आवाज झाला. केसांच्या मध्ये एक भांग पडला. आधी तो पांढरा होता, मग लाल. मग दोन्ही बाजूंनी कपाळावर, कानांवर, कागदाच्या वरच्या कडेवर रक्त उतरायला लागलं. काका उभेच होते. कागद त्यांनी खाली घेतला तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते मला काहीतरी विचारणार असल्यासारखे वाटले. मग ते मशीनवर कोसळले आणि मशीन त्यांच्याखाली कागद ओढत राहिलं.

लोक धावले. कुणीतरी म्हणालं पंख्याचं पातं लागलं. ते ऐकून सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. मी वर पाहिलं. पंखा छताला होता, तिन्ही पात्यांसकट, आणि फिरत होता. काकांना गाडीत घालेपर्यंत चार-पाच जणांनी तो रक्ताळलेला कागद उचलला, वाचला आणि बाजूला ठेवला. त्यांना काही झालं नाही.

जो पहिल्यांदा वाचतो त्याला होतं. नंतरच्यांना नाही. मलाही नाही. मी तर ते काढताना तासन्‌तास बघत होते, पण काढणारा वाचत नसतो. हा विचार जिना चढताना माझ्या डोक्यात आला आणि मी कठड्याला धरून थांबले. मी शिकलेली बाई आहे. ठिसूळ हाडं, पंखा, योगायोग, सगळं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. वर पोचते तोच मॅडमचा फोन आला.

मी त्यांना काकांचं सांगितलं.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "आणि शब्द कसा दिसतोय? रक्त पुसून स्कॅन करता येईल का तो कागद?"

मी फोन भिंतीवर फेकला. काकांचा जीव दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

४

'झालर'च्या अंकांवर संपादक म्हणून जिचं नाव होतं ती बाई अजून हयात होती. मुलीकडे राहत होती, चौथ्या मजल्यावर, चकचकीत पुसलेल्या फरशीच्या घरात. बाहेर घाम फुटेल असं ऊन होतं आणि बाईंच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी होती. मुलगी चहा ठेवून आत गेली.

"फॉन्ट म्हणजे?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे आता कुणीही त्याची अक्षरं वापरणार. छान. त्याला आवडलं नसतं."

"बाई, मथळ्यात 'फॅशन' का नसायचं?"

"तो काढत नसे. शब्द लिहून पाठवला की परत यायचा, दुसरा द्या म्हणून. भारी हट्टी माणूस. मला राग यायचा. फॅशनचं मासिक काढतोय आणि फॅशन म्हणायची चोरी!" त्यांनी चहा बशीत ओतला. त्यांचा हात स्थिर होता. "एकदा मीही हट्टाला पेटले. म्हटलं, या खेपेला 'रेशीम' काढलंच पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस बघते. त्यानं काढून दिलं. कागद आधी माझ्या टेबलावर यायचा."

त्यांनी टोपी वर केली. मी तिकडे फार वेळ पाहिलं नाही. टाळूवर, अगदी मध्ये, केस नव्हते, आणि तिथली कातडी दोन बाजूंनी आणून नीट न जुळता शिवल्यासारखी होती. मधल्या खाचेत काहीतरी श्वास घेत असल्यासारखं खालीवर होत होतं. त्यांनी टोपी परत ओढली.

"मी वाचले," त्या म्हणाल्या. "कवटी जाड आहे, नवरा नेहमी म्हणायचाच."

"आणि ष?"

बाईंनी बशी खाली ठेवली. "माझ्या आधी त्या टेबलावर दुसरी एक बसायची. फार हौशी, फार गोड मुलगी. तिनं मथळा दिला होता 'वेषभूषा'." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "मला ते टेबल मिळालं तेव्हा खणांच्या फटीतून अजून वास येत होता. त्यांनी पुष्कळ धुतलं होतं."

मॅडमच्या जाहिरातीचा शब्दही तोच होता. कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितला होता.

"काढू नकोस," बाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. "काढणारच असशील तर पहिल्यांदा वाचायला कुणाला देतेस ते नीट बघ. तेवढंच आपल्या हातात असतं."

५

मी मॅडमना सांगितलं, ष मिळणार नाही, दुसरा शब्द घ्या.

"अहो, शब्द ठरलाय, बोर्डांच्या जागा ठरल्यात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. तुमच्या भावाशी बोलले मी. ते म्हणाले, प च्या पोटात एक रेघ मारायची, त्यात काय एवढं? आज करतो म्हणाले."

मी रस्त्यात होते. घरापर्यंत धावत गेले, जिना धावत चढले. भाऊ पलंगावर बसला होता, प्लॅस्टरच्या पायावर उशी, उशीवर लॅपटॉप. पडद्यावर माझा 'प' होता, आणि त्याच्या पोटाच्या डाव्या कडेला त्यानं रेघेचं पहिलं टोक ठेवलं होतं.

मी लॅपटॉप ओढला. त्यानं घट्ट धरला होता, म्हणून मी जोर लावून हिसकला, आणि त्याचा कोपरा त्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून बनियनवर पडायला लागलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"वेडी झालीस का गं?"

मी त्याला सगळं सांगितलं. पाय, काका, टोपी, टेबल. त्यानं ओठाला टॉवेल धरून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हसला, आणि हसताना ओठ पुन्हा फाटला.

"ताई, तू झोप काढ जरा. काकांना पंखा लागला, सगळ्यांनी पाहिलंय. आणि हे काम मला पूर्ण करायचंय. पहिल्यांदा दोघांचं नाव लागणार आहे कशावर तरी. आजवर सगळीकडे तुझंच लागलं, मी काही बोललो का? तू नाही केलास तर मी करणार. तू कामाला बाहेर गेलीस की करणार. लॅपटॉप फोडलास तर फोनवर करणार."

तो करणार हे मला माहीत होतं. हट्ट आमच्या घरात पिकतो. त्याला कोंडून ठेवता आलं नसतं, त्याचे डोळे बांधता आले नसते. ष कधी ना कधी कुणीतरी पहिल्यांदा वाचणार होतं, आणि मी काही केलं नसतं तर तो माझा भाऊ असणार होता.

"मी काढते," मी म्हटलं. "पण पहिल्यांदा मॅडम बघतील. त्यांचं काम आहे, त्यांचा मान. त्यांच्याआधी तू बघायचा नाहीस. माझी शपथ."

"बरं बाई. शपथ."

मला मॅडमचा राग होता, हे खरं आहे. रक्त पुसून स्कॅन करता येईल का, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. पण रागानं मी तसं केलं असतं की नाही, सांगता येत नाही. भावाच्या भीतीनं केलं. ज्याला वाढवला त्याला वाचवायला मी आणखीही पुष्कळ काही केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधलं दार लावून मी कामाला बसले. ते दार इतक्या वर्षांत लावलं नव्हतं, कडी गंजली होती. ब्रशनं कागदावर 'वे' काढला, 'भू' आणि 'षा'साठी जागा मोजली. मग 'प' काढला. छान जमला, पोट जरा पुढे आलेलं, एखादी सुखवस्तू बाई उभी असावी तसा. त्या पोटावर ब्रश टेकवला तर तो आत गेला. कागद जराही फाटला नव्हता, पण ब्रशला खाली काहीतरी लागलं, मऊ, आणि मग त्याच्याखाली घट्ट काहीतरी, आणि मला दाबावं लागलं. रेघ तिरकी खाली ओढताना माझं मनगट ओलं आणि कोमट झालं. मी हात पाहिला. कोरडा होता. शाई काळीच होती. खोलीत मात्र कसाबाच्या दुकानासमोरून जाताना येतो तसा वास भरला होता, आणि टेबलाखालून कुणीतरी हळूहळू श्वास सोडत होतं, फुगा सोडावा तसा, थांबेचना. मी खाली वाकून पाहिलं नाही. दुसरा 'ष' मी डोळे मिटून काढला. तो पहिल्यापेक्षा चांगला आला.

कागद मी पाकिटात घातला, डिंक लावला, वरून पट्टी चिकटवली आणि पाकीट दिवसभर ब्लाउजमध्ये खुपसून फिरले.

६

मॅडम घरीच येते म्हणाल्या. मला बरंच वाटलं. त्यांच्या ऑफिसात पाकीट कुणीही उघडलं असतं.

प्रत्यक्षात त्या वेगळ्याच निघाल्या. ठेंगण्याशा, पायात साधी चप्पल, हातात भावासाठी फुलं. दारातच त्यांनी माझे हात धरले.

"त्या प्रिंटवाल्यांच्या घरी जाऊन आले," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बायकोशी बोलले. फोनवर मी काहीतरी भयंकर बोलून गेले तुमच्याशी. मला धक्का बसला की मी कामाचंच बोलते. नवरा गेला त्या दिवशीही मी दुकानाच्या किल्ल्या कुठायत विचारत होते. माफ करा मला."

पाकीट त्यांच्या हातात देताना माझी बोटं ते सोडेनात, त्यांना जरा ओढावंच लागलं. पलंगावरून भाऊ त्यांच्याशी गप्पा मारत होता, ओठावरच्या खपलीचा किस्सा रंगवून सांगत होता, ताईनं लॅपटॉपनं मारलं म्हणून. त्या हसत होत्या. त्यांच्या दोन मुली आहेत हे मला तेव्हा कळलं.

"चहा टाकते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. मला बघायचं नव्हतं. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, साखर किती घातली मला कळलं नाही. त्यांना थांबवावं असं वाटत होतं, मनापासून वाटत होतं. दोनदा दारापर्यंत गेले. पण थांबवलं तर तो कागद घरात राहणार, आणि तो घरात राहिला तर भाऊ. मी परत गॅसपाशी आले. चहा उकळायला लागला. बाहेर पाकिटावरची पट्टी टरकन ओढल्याचा आवाज झाला आणि मी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली, डोळे घट्ट मिटले, आणि मॅडमच्या किंचाळण्याची वाट बघत उभी राहिले.

कागद उलगडल्याचा आवाज आला.

"नाही, थांबा," मॅडमचा आवाज आला. "मी कशी आधी बघू? माझ्या कामापायी ज्यांनी पाय मोडून घेतला, पहिला मान त्यांचा. हे बघा, मी मागूनच धरते. तुम्ही वाचा, मग मी बघेन."

"अहो पण ताईची शपथ आहे," भाऊ म्हणाला. तो हसत होता.

"तुमच्या ताईनं मान मला दिला, मी तुम्हाला देते. झालं तर."

मी पातेल्यासकट बाहेर धावले. मॅडम पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, डोळे मिटून, कागद छातीपाशी त्याच्याकडे तोंड करून धरलेला. मी उकळता चहा त्यांच्या हातांवर ओतला. त्या किंचाळल्या, कागद त्यांच्या हातातून सुटला, मी त्यांना खांद्यानं भिंतीवर ढकललं, त्यांचं डोकं दाणकन आपटलं, आणि मी जमिनीवर पडून कागद पोटाखाली घेतला. माझ्या कोपरांखाली चहा होता आणि तो भाजत होता. सगळं मिळून क्षणभर लागला असेल. भावाच्या तोंडून मला फक्त 'वे' ऐकू आला होता, फक्त पहिलं अक्षर, त्याच्यापुढचं एकही नाही, हे मी शपथेवर सांगते.

मी मान वर केली. तो पलंगावर तसाच बसला होता, उशीला टेकून. मॅडम रडत होत्या, त्यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि इतक्या कौतुकानं बघत होता की माझ्या जिवात जीव आला.

"ताई," तो म्हणाला, "ष काय सुंदर जमलाय गं."

आणि मग, अंगावर काही सांडलं की काय म्हणून बघावं तसं, त्यानं खाली पोटाकडे पाहिलं.